लाटणे आणि अर्ज

गेल्या हिवाळ्यात वसई तालुक्यातल्या एका शाळेने मला वादविवाद स्पर्धेचा परीक्षक म्हणून बोलावले होते. विषय फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलेला होता : ‘स्त्रियांनी आपल्या हक्कांसाठी रस्त्यावर उतरावे काय?’ अनुकूल बाजूने एक चुणचुणीत मुलगा बोलला. आवाज खणखणीत, हातवारे भरपूर, मधूनमधून घोषणा. सभागृहाने त्याला टाळ्या दिल्या. मग प्रतिकूल बाजूने नववीतली एक मुलगी उभी राहिली. ती हळू बोलत होती. ती म्हणाली, “माझी आई चाफ्याची फुले घेऊन पहाटेच्या पहिल्या गाडीने दादरला जाते. तिचा एक दिवस बुडाला तर फुले वाया जातात, आणि त्या दिवसाचे पैसेही. मोर्चाला जायचे कोणी? ज्यांना सुट्टी मिळते त्यांनी. मग त्या बायकांना जे पाहिजे तेच मागितले जाईल, माझ्या आईला जे पाहिजे ते नाही.” एवढे बोलून ती खाली बसली. टाळ्या थोड्याच पडल्या.

बक्षीस त्या मुलाला मिळाले. गुणपत्रिकेवर आवाजाला गुण होते, हावभावाला होते, पाठांतराला होते, त्यामुळे दुसरे काही होणे शक्यच नव्हते. पण त्या मुलीच्या प्रश्नाला अनुकूल बाजूच्या एकाही वक्त्याने उत्तर दिले नाही, आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी माझ्याजवळही ते नव्हते. घरी येताना गाडीत मी तोच विचार करीत होतो. आजचे हे टिपण म्हणजे त्या मुलीला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे असे समजावे.

प्रथम एक गोष्ट साफ करून घेऊ. शांततेने आणि शस्त्रांशिवाय एकत्र जमणे हा आपल्या संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने दिलेला हक्क आहे. तो कोणी मेहेरबानी म्हणून दिलेला नाही. तेव्हा मोर्चा काढणे वाईट चालीचे आहे, बाईमाणसाला शोभत नाही, घराण्याचे नाव जाते, हे जे आक्षेप आपल्या ओट्यांवर आणि पारांवर अजूनही ऐकू येतात, त्यांचा विचार मी येथे करणार नाही. फुले विकायला दादरला गेलेली बाई घराण्याचे नाव घालवीत नाही आणि रेशनच्या रांगेत चार तास उभी राहिलेलीही घालवीत नाही, मग त्याच रस्त्यावर हातात फलक आला की ते कसे जाते, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेले नाही. विचार करायचा तो दुसऱ्या आक्षेपांचा. मोर्चाने खरोखर काही मिळते का? त्यापेक्षा अर्ज, कोर्ट, मतपेटी हे मार्ग बरे नाहीत का? आणि मोर्चाची किंमत कोण भरते?

आपल्याकडे ही चर्चा काही आजची नाही. विधवांचे केशवपन बंद व्हावे म्हणून सुधारकांनी निबंध लिहिले, व्याख्याने दिली. पण १८९० साली मुंबईत कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक मंडळींनीच ठरवले, की आम्ही विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही. निबंध वाचून ज्यांचे मन पालटले नाही, त्यांच्या दारी वस्तराच येईनासा झाला. नुसते काम नाकारणे हाही निषेधाचाच एक प्रकार आहे, आणि कित्येकदा तो मोर्चापेक्षा परिणामकारक ठरतो. गंमत अशी, की हा निषेध स्त्रियांसाठी होता, पण करणारे पुरुष होते.

स्त्रिया स्वतः रस्त्यावर आल्या त्या पुण्यात, १९२० साली. शिक्षकबंधूंनी हा प्रसंग वर्गात अवश्य सांगावा. पुण्याच्या नगरपालिकेपुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आला होता. पैसे अपुरे आहेत, सबब आधी मुलांचे शिक्षण सक्तीचे करू, मुलींचे मागाहून पाहू, असे वजनदार मंडळींचे म्हणणे पडले. रमाबाई रानडे आणि त्यांच्याबरोबरच्या स्त्रिया, तसेच विठ्ठल रामजी शिंदे यांच्यासारखे सुधारक, यांना हे मान्य नव्हते. स्त्रियांची मिरवणूक निघाली. रमाबाई त्या वेळी साठीच्या उंबरठ्यावर होत्या. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी म्हणून त्यांना सारे पुणे ओळखत होते. अशा बाईने शहराच्या रस्त्यावरून मागणी करीत चालत जाणे ही तेव्हा केवढी गोष्ट होती, याची कल्पना आज येणार नाही. मुलींची सक्ती काही त्या मिरवणुकीने लगेच पदरात पडली नाही. मात्र ‘मागाहून पाहू’ हे शब्द बायकांपुढे सहज उच्चारण्याची सोय राहिली नाही. पुढच्याच वर्षी, १९२१ साली, मुंबई इलाख्यात स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळाला. त्या चळवळीतही रमाबाई पुढे होत्या.

आता मी आपल्याला ज्या बाईंविषयी अधिक विस्ताराने सांगणार आहे, त्यांचा शेवट आपल्या वसईतच झाला. १७ जुलै २०१२ रोजी त्या येथे वारल्या. त्या म्हणजे मृणाल गोरे. जुन्या पिढीला त्या ‘पाणीवाली बाई’ म्हणून ठाऊक आहेत, नव्या पिढीला एखाद्या पुलाचे नाव म्हणून ठाऊक असतील.

त्यांचा जन्म १९२८ चा. डॉक्टर व्हायला निघालेली ही मुलगी राष्ट्र सेवा दलाच्या कामासाठी शिक्षण सोडून देते, लग्न करून गोरेगावला येते, आणि तेथे तिची राजकारणाची पहिली पायरी कोणती? ग्रामपंचायत. गोरेगाव तेव्हा खेडे होते, त्याला ग्रामपंचायत होती. ग्रामीण वाचकांनी हे ध्यानात ठेवावे, कारण मोर्चेवाली बाई म्हटले की ती शहरातच घडली असेल असा आपला समज असतो. पंचायतीत बसून त्यांना कळले, की गटार कोणत्या खात्याकडे आणि नळ कोणत्या खात्याकडे, ठराव कसा लिहावा, आणि लिहिलेला ठराव कोठे जाऊन अडकतो. पुढे गोरेगाव मुंबई महापालिकेत गेले, आणि १९६१ साली मृणालताई नगरसेविका झाल्या. पाण्यासाठी त्यांनी बायकांना घेऊन हंडे-कळशांचे मोर्चे नेले, आणि सभागृहात प्रश्नही विचारले. गोरेगावला पाणी आले ते या दोन्ही हातांनी.

मग आला १९७२ चा दुष्काळ. त्या वर्षीच्या सुकडीच्या आणि मिलोच्या आठवणी आपल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या असतील. शहरांतही तेल, रवा, साखर, रॉकेल मिळेना, आणि मिळाले तर दर परवडेना. मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. नावातला ‘संयुक्त’ हा शब्द महत्त्वाचा. समाजवादी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर, कम्युनिस्ट तारा रेड्डी अशा निरनिराळ्या पक्षांच्या बायका तिच्यात होत्या. त्यांच्या पक्षांचे पुरुष पुढारी एका व्यासपीठावर बसायला दहा वेळा विचार करीत, पण बायकांचे जमले. माझ्या मते याचे कारण साधे आहे. तेलाचा डबा कोणत्याही पक्षाच्या घरात सारखाच रिकामा होता.

आणि त्यांनी हातात घेतले ते लाटणे. एका हातात थाळी, दुसऱ्या हातात लाटणे, आणि हजारो बायका थाळ्या बडवीत मंत्र्यांच्या दारी. ही कल्पना दिसते तेवढी गमतीची नाही. विचार करून पाहा. झेंडा घेऊन आलेल्या माणसाला तो कोणत्या पक्षाचा हे विचारून वाटेला लावता येते. लाटणे घेऊन आलेल्या बाईला काय विचारणार? शिवाय लाटणे विकत आणावे लागत नाही, भाषण पाठ करावे लागत नाही, लिहिता-वाचता यावे लागत नाही. चाळीतली जी बाई आजवर कोणत्याही सभेला गेली नव्हती, ती स्वयंपाक आटोपून त्याच लाटण्यानिशी बाहेर पडली. मोर्चाला जायचे म्हणजे आपण काही निराळे, घराबाहेरचे करतो आहोत, हा जो संकोच असतो, तो त्या लाटण्याने काढून टाकला.

महागाई त्याने संपली का? नाही संपली. बाजारभाव थाळ्या वाजवून कायमचे उतरत नाहीत, त्यांची कारणे पीकपाण्यात, साठेबाजीत आणि सरकारच्या धोरणात असतात, आणि मोर्चाने साठेबाजीवर बोट ठेवले तरी पाऊस पाडता येत नाही. हे कबूल केले पाहिजे. पण या मोर्चांतून बाहेर पडलेल्या बायका पुन्हा पहिल्यासारख्या घरात जाऊन बसल्या नाहीत. १९७५ साली आणीबाणी आली, मृणालताई तुरुंगात गेल्या. १९७७ साली त्या लोकसभेवर निवडून आल्या, अहिल्याबाईही आल्या, आणि १९८० साली प्रमिलाताई. प्रमिलाताईंनी हुंड्याचा जुना, दुबळा कायदा कडक करण्यासाठी संसदेत झगडा मांडला. तो कायदा १९८४ आणि १९८६ साली दुरुस्त झाला. मृणालताईंनी पुन्हा विधानसभेत असताना गर्भलिंगपरीक्षेला आळा घालण्यासाठी खासगी विधेयक मांडले. बाहेर स्त्रियांच्या आणि डॉक्टरांच्या गटांनी रान उठवले होते. १९८८ साली महाराष्ट्राने तसा कायदा केला. तो देशातला पहिला. त्यानंतर सहा वर्षांनी, १९९४ साली, केंद्राने केला.

तेव्हा मोर्चा की अर्ज, रस्ता की सभागृह, असा जो वाद स्पर्धेत दोन टेबलांवर मांडला जातो, तो या बाईंच्या आयुष्यात एका माणसात नांदत होता. ज्या हाताने लाटणे धरले त्याच हाताने विधेयकाची कलमे लिहिली.

हे झाले मुंबईचे. आपल्या पालघर जिल्ह्याची गोष्ट याहून कठीण आहे, आणि ती सांगितल्याशिवाय किमतीचा हिशेब पुरा होत नाही. डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांत वारली लोकांत ‘लग्नगडी’ नावाची चाल होती. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे उचलायचे आणि त्या पैशांपोटी नवऱ्याने वर्षानुवर्षे त्याच्याकडे राबायचे. राबायचे एकट्याने नव्हे. बायकोही त्याच्याबरोबर बांधली जाई, आणि मालकाच्या मनात येईल तेव्हा तिच्या अब्रूलाही आसरा नसे. १९४५ साली किसान सभेच्या गोदावरी परुळेकर या भागात हिंडू लागल्या. त्या कायद्याच्या पदवीधर. महाराष्ट्रात कायद्याची पदवी घेणाऱ्या सुरुवातीच्या बायकांपैकी त्या एक. परंतु वारल्यांच्या पाड्यावर त्या कायद्याचे पुस्तक घेऊन गेल्या नाहीत. मे महिन्यात झरी गावी मोठा मेळावा झाला आणि वेठ व लग्नगड्याची गुलामी यापुढे नाही असे ठरले. मग गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच माणसे मेली. गोदावरीबाई तेथे येणार आहेत अशी भूल घालून लोकांना तेथे जमवण्यात आले होते. त्या स्वतः तेथे नव्हत्याच.

गोदावरीबाईंनी हे सारे पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवले, त्याला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तालुक्याच्या ग्रंथालयात ते पुस्तक नसेल तर मागवून घ्यावे. मला येथे सांगायचे ते इतकेच, की वारली बायकांची लग्नगड्याच्या गुलामीतून सुटका झाली ती एका अर्जावर निकाल लागून नव्हे, माणसे एकत्र उभी राहिली म्हणून. आणि त्याची किंमत रक्ताने भरली गेली. निरोप कोणाकडून आला याची खातरजमा नसताना गर्दीने जमणे किती महाग पडते, तेही त्याच दिवसाने दाखवले. मोर्चाचा पुरस्कार करणाऱ्यांनी तलवाड्याच्या या दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत. एकच बाजू सांगणे मुलांना फसवण्यासारखे आहे.

आता कोर्टाकडे वळू. “कोर्ट आहे ना? मग रस्त्यावर कशाला?” असे शहाणी माणसे विचारतात. या प्रश्नाचे उत्तर आपल्याच राज्यातल्या एका खटल्याने दिले आहे. १९७२ साली, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज येथे पोलीस ठाण्याच्या आवारात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. मथुरा या नावाने तो खटला देशभर ओळखला जातो. सत्र न्यायालयाने दोघा पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केलेला दिसत नाही, अशा स्वरूपाची ती कारणे होती. पोलीस ठाण्यात, रात्री, पोलिसांपुढे एका गरीब पोरीने आरडाओरडा करायला हवा होता!

सर्वोच्च न्यायालयाच्या पुढे कोठे जाणार? तेथे दार संपते. १६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. (अध्यापकांच्या हातून असेही काही घडते, हे मी माझ्या व्यवसायबंधूंना मुद्दाम सांगतो.) ते पत्र हातोहात फिरले. मुंबईत स्त्रियांनी मंच स्थापन केला, ८ मार्च १९८० रोजी निरनिराळ्या शहरांत मोर्चे निघाले. निकाल बदलला नाही, त्या मुलीला न्याय मिळाला नाही. पण १९८३ साली कायदा बदलला. पोलिसांच्या किंवा सरकारी माणसाच्या ताब्यात असताना असा गुन्हा घडला आणि संबंध सिद्ध झाला, तर ‘माझी संमती नव्हती’ हे बाईचे म्हणणे न्यायालयाने धरून चालावे, संमती होती हे आरोपीने दाखवावे, अशी तरतूद झाली. अशा खटल्यांची सुनावणी बंद दालनात व्हावी आणि पीडितेचे नाव छापू नये, हेही त्याच वेळचे. पत्राने वाट दाखवली हे खरे. परंतु नुसते पत्र असते तर ते एखाद्या फायलीत पिवळे पडले असते.

याच्या उलट बाजूचे उदाहरण शनिशिंगणापूरचे. तेथील चौथऱ्यावर स्त्रियांना जाऊ देत नसत. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक बाई वर गेली म्हणून शुद्धीकरण झाले, आणि वाद पेटला. २६ जानेवारी २०१६ रोजी तृप्ती देसाई यांच्या भूमाता ब्रिगेडच्या बायका निघाल्या, त्यांना वाटेतच अडवले गेले. दुसरीकडे पुण्याच्या विद्या बाळ आणि निलिमा वर्तक यांनी, काही गाजावाजा न करता, उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्यांच्या हाती १९५६ चा राज्याचा मंदिरप्रवेशाचा कायदा होता, जो साठ वर्षे पुस्तकात होता आणि कोणी उघडला नव्हता. न्यायालयाने म्हटले, की जेथे पुरुष जाऊ शकतो तेथे स्त्रीला अडवणारा कायदा नाही, उलट अडवणाऱ्याला शिक्षा सांगणारा कायदा आहे. झाले, प्रश्न मिटला, असे वाटेल. पण निकालानंतर दुसऱ्याच दिवशी गेलेल्या बायकांना गावकऱ्यांनी पुन्हा अडवले. शेवटी ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, विश्वस्तांनी चौथरा सर्वांना खुला केला. या प्रकरणात श्रेय कोणाचे यावर आमच्या स्टाफरूममध्ये दोन तट पडले होते. मला विचाराल तर मी विद्याताईंच्या याचिकेला अधिक गुण देईन, कारण मोर्चा अडवता येतो, निकाल अडवला तर तो गुन्हा होतो. पण मोर्चाने प्रश्न वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आणला नसता तर त्या निकालाची एवढ्या झटपट अंमलबजावणी झाली असती, असे मी शपथेवर सांगू शकत नाही.

आता त्या मुलीच्या आईकडे येतो. जिचा एक दिवस बुडून चालत नाही, तिने काय करावे?

दूर देशी आइसलँड नावाचे एक लहानसे बेट आहे. २४ ऑक्टोबर १९७५ रोजी तेथल्या दहांपैकी नऊ बायकांनी एक दिवस सुट्टी घेतली. कचेरीतलीही आणि चुलीचीही. त्या दिवशी बाप मुलांना घेऊन कचेऱ्यांत गेले, शाळा अन् दुकाने अडली. दुसऱ्या वर्षी तेथे समानतेचा कायदा झाला आणि १९८० साली एक बाई निवडणूक जिंकून राष्ट्राध्यक्ष झाली. ही गोष्ट मी वर्गात सांगतो तेव्हा मुले हसतात, मुली हसत नाहीत. पण तेथे ते जमले याचे कारण नऊजणी एकदम थांबल्या. एकट्या फुलवालीने थांबायचे म्हटले तर तिची फुले सुकतील आणि दादरला शेजारच्या गावची फुले खपतील. तेव्हा आइसलँडचे उदाहरण तिला जसेच्या तसे लागू नाही.

माझी स्वतःची एक आठवण येथे उपयोगी पडेल. मी आठ-दहा वर्षांचा असेन. वसईच्या विहिरी आणि बावखले उन्हाळ्यात आटू लागली होती, टँकर मात्र भरभरून जात होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हरित वसई संरक्षण समितीचा तो काळ. त्याच दिवसांत आमच्या आळीतल्या बायकांनी स्वतःच एक लहानसा हंडामोर्चा काढला. लाल लुगड्यातल्या कुपारी बायका, नऊवारीतल्या वाडवळ आणि भंडारी बायका, आणि पुढे माझी आत्या. मी तिचा पदर धरून. आम्ही एका सरकारी कचेरीवर गेलो. साहेब बाहेर आले, गोड बोलले, अर्ज घेतला, पंधरा दिवसांत पाहतो म्हणाले. बायका समाधानाने परतल्या. महिन्याने आत्या विचारायला गेली तेव्हा साहेब बदलून गेलेले, आणि नव्या साहेबांच्या कचेरीत तसा अर्ज आल्याची नोंदच नव्हती. अर्जाची पोच आमच्यापैकी कोणी घेतली नव्हती. दोनशे बायकांचा एक दिवस बुडाला, त्यातल्या निम्म्या वाडीत मजुरीला जाणाऱ्या होत्या. आत्या त्यानंतर बरीच वर्षे कोणत्याही कचेरीत गेली की आधी म्हणे, “शिक्का मारा, तारीख घाला, मग बोलू.”

म्हणून मी त्या मुलीला म्हणेन, की बाई, तुझी शंका खरी आहे. ज्या मोर्चात तुझ्या आईची मागणी नाही, त्याला तिने जाऊ नये. पण जिचा दिवस महाग आहे तिच्याचसाठी एकीची गरज जास्त आहे. कारण एकटीने दहा दिवस कचेऱ्यांचे उंबरे झिजवण्यापेक्षा शंभरजणींनी मिळून एक दिवस देणे स्वस्त पडते. मात्र तो दिवस वाया जाता कामा नये. मागणी एका वाक्यात मांडता आली पाहिजे. ती कोणत्या अधिकाऱ्याच्या हातात आहे हे आधी ठाऊक पाहिजे. पोलीस ठाण्याला आगाऊ कळवलेले पाहिजे, आणि पोच हातात घेतल्याशिवाय दारातून हलता कामा नये.

रस्ता अडवण्याविषयी मात्र माझे मत थोडे निराळे आहे, आणि ते काही तरुण मित्रांना रुचणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०२० च्या निकालात म्हटले आहे, की निषेधाचा हक्क आहे, पण सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून धरता येणार नाही. कायदा बाजूला ठेवला तरी विरारकरांना हे वेगळे सांगायला नको. महिला विशेष लोकल १९९२ साली बोरिवलीपर्यंत सुरू झाली आणि पुढल्या वर्षी विरारपर्यंत आली. सकाळच्या गाडीत कोण कोण असते ते आपण पाहतोच. रात्रपाळी संपवून परतणारी नर्स, शिक्षिका, मच्छीवाली, कपड्याच्या कारखान्यात जाणारी मुलगी. गाडी अडली की पहिला पगार कापला जातो तो यांचा. बायकांच्या हक्कासाठी बायकांचीच गाडी अडवायची, हा हिशेब मला कधी जुळला नाही.

याउलट, रस्त्यावरच्या निषेधातून कायद्यात एक हत्यारच कसे तयार होते, याचे उदाहरण आपल्या गावोगावच्या बायकांनी दिले आहे. दारूच्या दुकानांविरुद्ध बायकांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, भट्ट्या फोडल्या, मार खाल्ला. त्यातून मतदानाने दुकान बंद करण्याची पद्धत आली. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या २५ टक्के स्त्री-मतदारांनी लेखी मागणी केली, तर गुप्त मतदान घ्यावयाचे. चिठ्ठीवर दोन चित्रे, एक उभी बाटली, एक आडवी बाटली. आडव्या बाटलीला निम्म्याहून अधिक मते पडली तर दुकान बंद. यातला एक बारकावा न कळल्यामुळे कित्येक गावे हरली आहेत, म्हणून तो नीट सांगतो. निम्मी मते म्हणजे मतदानाला आलेल्यांपैकी निम्मी नव्हेत, यादीत नाव असलेल्या एकूण स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक. यादीत ८०० स्त्रिया असतील तर ४०१ आडव्या बाटल्या पाहिजेत. ५०० आल्या, ३९० जणींनी आडवी बाटली निवडली, तरी दुकान उभेच. जी बाई त्या दिवशी लावणीला गेली, जी बाळंतपणाला माहेरी गेली, जी मेली पण यादीतून गेली नाही, ती प्रत्येक जण उभ्या बाटलीच्या पारड्यात मोजली जाते. म्हणून मतदानाच्या आधी महिनाभर यादी घेऊन घरोघर फिरणे, नावे तपासणे, मयत नावे कमी करवून घेणे, हे काम घोषणा देण्याइतकेच, किंबहुना अधिक, लढाईचे आहे. त्यात आवाज नसतो, फोटो नसतो, त्यामुळे ते करायला माणसे कमी मिळतात.

दुसरे असे, की ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद ग्रामपंचायतीच्या कायद्यात आहे. ती पुष्कळ गावांत कागदावर होते. सह्या घरी येऊन घेतल्या जातात. ज्या भगिनी हे वाचीत असतील त्यांनी पुढल्या खेपेला सही मागायला शिपाई आला, तर त्याला विचारावे, सभा कोठे आहे आणि किती वाजता आहे. हा प्रश्न चारजणींनी एकाच दिवशी विचारला तरी पुष्कळ फरक पडतो, असा वसई पूर्वेच्या एका गावातला अनुभव तेथल्या शिक्षिकेने मला सांगितला. तेथे आता सभा खरोखर भरते. पहिल्या सभेत नऊ बायका होत्या.

शिक्षकांना एक विनंती. हाच विषय शाळेत ठेवाल तर गुणपत्रिकेत आवाज आणि हावभाव यांचे गुण थोडे कमी करावेत, आणि प्रतिपक्षाच्या प्रश्नाला दिलेल्या उत्तराला दहा गुण ठेवावेत. मी त्या शाळेला तसे पत्र लिहिले आहे. मुख्याध्यापकबाईंचे उत्तर आले, की यंदा तोच विषय पुन्हा ठेवणार आहेत आणि ती मुलगी, आता दहावीत, या वेळी अनुकूल बाजूने बोलायला मागते आहे. तिच्या आईला सुट्टी मिळाली तर ऐकायला येईल, असेही त्यांनी खाली लिहिले आहे.